जिवंतांच्या बाजूची मेणबत्ती

आमच्या शहरात चर्चं चालतात. हे वाक्य मी रोज सकाळी कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या पाच-सहा माणसांना ऐकवते आणि ती सगळी हसतात. मी हसू देते. दुपारपर्यंत त्यांनी आ वासलेला असतो, आणि खरं सांगायचं तर तो वासलेला आ बघायलाच मी हा धंदा करते. बुखारेस्टमध्ये पायी शहर दाखवणारे आता पायलीला पन्नास झालेत. कुणी रक्त पिणाऱ्या सरदारांच्या थापा मारतं, कुणी छत्री उंच धरून चाळीस माणसांचा कळप हाकतं. माझा आवाज बारीक आणि डोकं गरम, म्हणून मी लहानच गट घेते.

चालणाऱ्या चर्चांची गोष्ट अशी. मी जन्मले त्या सुमाराला आमच्या तेव्हाच्या सत्ताधीशाच्या मनात आलं की जुन्या शहराच्या मधोमध एक अजस्र राजवाडा बांधायचा, आणि त्याच्यासमोर नजर पोचणार नाही इतका लांब रस्ता. मग त्या टापूतल्या गल्ल्या, घरं, अंगणं, द्राक्षांचे मांडव, सगळं भुईसपाट झालं. चर्चंही गेली. पण त्यातली थोडी इंजिनियरांनी वाचवली. भिंती पायापासून कापल्या, खाली काँक्रीटची चौकट ओतली, चौकटीखाली रूळ घातले आणि अख्खं चर्च, घुमट, घंटा आणि भिंतींवर रंगवलेल्या संतांसकट, ओढत बाजूला नेलं. इतक्या हळू, की बघणाऱ्याला वाटावं काही हलतच नाहीये. मग रस्त्यावरून ती दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे दहा-दहा मजली इमारती उभ्या केल्या.

त्यातल्याच एका इमारतीत मी वाढले, अजून तिथेच राहते. आमच्या बाल्कनीतून तो लांब रस्ता दिसतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्रोडवालं चर्च. त्याचं खरं नाव संत दुमित्रूचं, पण पूर्वी त्याच्या दाराशी मोठा अक्रोड होता म्हणून सगळे तसंच म्हणतात. चर्चला रूळ मिळाले, अक्रोडाला कुऱ्हाड मिळाली. आता अंगणात आहे तो नंतर लावलेला.

तो लावला मेणबत्तीवाल्या तांतीनं. आमच्याकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तांती म्हणतात, आणि ही तांती चर्चच्या दाराजवळच्या खिडकीत बसून मेणबत्त्या विकते. मी तिला लहानपणापासून ओळखते आणि लहानपणापासून तिची बोलणी खाते. माझी माणसं अंगणात शिरली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. "रुक्सांद्रा, त्या लांबड्याला टोपी काढायला सांग! रुक्सांद्रा, तुझी ती बाई संताच्या तोंडावर कॅमेऱ्याचा उजेड पाडतेय!" सगळ्यात मोठा राग पेट्यांवरून. अंगणात पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, वाळू भरलेल्या. एकीवर लिहिलंय 'जिवंत', दुसरीवर 'मृत'. ज्याच्यासाठी मेणबत्ती लावायची तो या जगात असेल तर या वाळूत, नसेल तर त्या. परक्यांना ती भाषा कळत नाही. ते हौसेनं आपल्या नातवासाठी मेणबत्ती घेतात आणि मृतांत खोचून देतात. मग तांती खिडकीतून अर्धी बाहेर येते आणि असा काही आवाज काढते, की पारवे उडतात.

तिची स्वतःची एक मेणबत्ती मात्र रोज सकाळी सगळ्यांच्या आधी लागलेली असते. जिवंतांत, अगदी कोपऱ्यात. एकदा मी विचारलं होतं, "तांती, ही कुणासाठी गं?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? आहे एक मूर्ख. वाट चुकलाय."

मी पुढे विचारलं नाही. तिच्या तोंडी लागायला तेव्हा वेळ नव्हता, आणि मग राहूनच गेलं.

त्या दिवशी संत दुमित्रूचा सण होता, ऑक्टोबर संपत आलेला, ऊन कोवळं. माझ्या गटात पाच जण. योस्त नावाचा एक उंच डच आणि त्याची बायको. योस्त पूल बांधणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं वजन हवं असायचं. दोन पोर्तुगीज मैत्रिणी, ज्यांना फक्त मांजरं दिसत होती. आणि पाचवा एक सडपातळ माणूस, पासष्टीचा, डोक्यावर लोकरीची टोपी. कॅनडातून आला होता, पण नाव आमच्याकडचं: लीव्यू. मी हात पुढे केला तर तो आमच्याच भाषेत बोलला. पण भाषा जुनी, आता कुणी वापरत नाही असे शब्द असलेली.

"दोम्निशोआरा," मला कुमारिका करून तो म्हणाला, आणि हे मला चाळिशीनंतर पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, "मी तुमच्याबरोबर दुपारपर्यंतच आहे. मग मला एका ठिकाणी जाऊन उभं राहायचंय."

"उभं राहायचंय?"

"हो."

"माझ्या फेरीतून मधेच कुणी जात नाही, दोम्नु लीव्यू. खरी गंमत शेवटी आहे," मीही त्याला श्रीयुत करून म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. "पण मला जावं लागेल. हॉटेलात बसवेना म्हणून आलो, एवढंच."

मी मनात म्हटलं, म्हातारपणी प्रेमात पडलाय, उभं राहू दे.

चर्चं चालतात हे मी सांगितलं तेव्हा तो गटाच्या मागे कोव्रिगी घेत होता, तिळाचे गरम गोल पाव. सगळ्यांसाठी घेतले त्यानं. त्यामुळे माझं ठेवणीतलं वाक्य त्याच्या कानावर पडलं नाही. पुढे जे झालं ते या पावांमुळे झालं असं मला कधी कधी वाटतं.

जुन्या सराईच्या अंगणात तो लाकडी कठड्यावरून हात फिरवत राहिला. नदीच्या पुलावर थांबून नुसता बघत राहिला. योस्त विचारत होता, "या कठड्याचं वजन किती?" आणि मी ठोकून देत होते. पण माझं लक्ष त्या टोपीवाल्याकडे जात होतं. मी रोज तेच तेच दाखवून कंटाळलेली बाई. हा मात्र एखाद्या साध्या कोपऱ्याशीही असा उभा राहायचा की मलाही थांबून बघावंसं वाटायचं. फुटलेला नळ, झिजलेला उंबरठा, दारावरची पितळी मूठ. माझ्याच शहरात मी किती वर्षं डोळे मिटून चालतेय, असं वाटायला लागलं मला.

लांब रस्त्याला लागलो. एका टोकाला तो राजवाडा डोंगराएवढा बसलेला, दोन्ही बाजूंना इमारतींच्या भिंती, मधे कारंजी आणि पिवळी पडलेली झाडं. आमच्या इमारतीसमोर, कारंज्याच्या कडेला, लीव्यू थांबला. घड्याळ बघितलं.

"इथे," तो म्हणाला. "तुम्ही जा पुढे. मी इथे उभा राहतो."

"इथे? रस्त्याच्या मधोमध?"

"इथेच होतं ते. अंदाजानं. नदीवरून आणि त्या टेकडीवरून मी हिशेब लावलाय."

"काय होतं?"

"चर्च. त्याच्या दारात एक अक्रोड होता."

माझ्या हातातली पाण्याची बाटली मी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. मी म्हटलं, "सांगा ना."

तो रस्त्याकडे बघत बोलला. त्याचं घर याच गल्लीत होतं. आईबाप लवकर गेले, थोरल्या बहिणीनं वाढवलं. पंचविशीत त्यानं देश सोडायचं ठरवलं. तेव्हा देश सोडायचा म्हणजे सरहद्दीवरची दान्यूब नदी पोहून जायची, मागून गोळी आली नाही तर. बहिणीला सांगितलं ते अक्रोडाखाली, अशाच सणाच्या दिवशी, गर्दीत कुणी ऐकू नये म्हणून. तिनं आधी अक्रोड सोलून काळ्या झालेल्या हातानं थोबाडीत मारली. मग खाली वाकून अक्रोड गोळा केले आणि त्याचे खिसे भरले.

"पत्रं फोडून वाचायचे तेव्हा," तो म्हणाला. "म्हणून आम्ही ठरवलं. जगलो वाचलो, परत येता आलं, तर संत दुमित्रूच्या दिवशी, दुपारी, चर्चपाशी. कुठलंही वर्ष असो. बाकी सगळं बदललं तरी चर्च कुठे जाणार आहे, असं तीच म्हणाली."

सत्ता उलथली त्याच्या पुढच्या वर्षी तो आला. घर नाही, गल्ली नाही, शेजारी नाहीत, समोर हा रस्ता. रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, अक्रोडवालं चर्च कुठे आहे हो? तो म्हणाला, "सगळं गेलं, बाबा. इथलं सगळं पाडलं." कचेऱ्यांत विचारलं, त्या आडनावाची कुणी नाही म्हणाले. तिनं लग्न केलं असेल, नवऱ्याचं आडनाव काय ते त्याला ठाऊक नाही. मग तो इथे दुपारभर उभा राहिला. ती येईल म्हणून. मधे एकदा परत आला, परत उभा राहिला. आणि आता.

"आता काय वाटतं तुम्हाला? ती..."

"माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. माहीत नाही. या वेळी निरोप घ्यायला आलोय असं समजा. गुडघे गेलेत, पुढच्या वेळी विमानात बसवणार नाहीत पोरं. दोम्निशोआरा, मला एकदा कळायला हवंय की ती आली होती का. एवढंच. जिवंत आहे की नाही हे नंतरचं. ती आली होती का."

मी आमच्या इमारतीकडे बघितलं. चौथ्या मजल्यावर माझी बाल्कनी, तिच्यावर माझेच टॉवेल वाळत होते. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी आठ वर्षांची असेन. त्या दुपारी मी बाल्कनीत आले असेन तर मला रस्त्यात उभा असलेला एक तरुण माणूस दिसला असेल. आणि घरातून चालत स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले असेन तर खाली अंगणात... एक वाट चुकलेला मूर्ख, म्हणाली होती ती.

पण ती हीच कशावरून? शहरात थोरल्या बहिणी काय थोड्या आहेत? मी तिचं नावही कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत. एवढी मोठी आशा कुणाच्या ओंजळीत घालायची आणि मग परत काढून घ्यायची, ही हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी जे पक्कं माहीत होतं तेवढंच बोलले.

"दोम्नु लीव्यू, चर्च पाडलं नाही."

"काय?"

"हलवलं. रुळांवरून. मागे आहे."

तो हसला. सकाळी बाकीचे हसले होते तसाच. "चर्च कुठे हलतं का, पोरी?"

योस्तला 'रूळ' एवढं खुणेवरून कळलं असावं. तो पुढे सरसावला आणि हातवारे करून इंग्रजीत समजावू लागला, भिंत कापतात, चौकट, रूळ, ओढायची यंत्रं. त्याला सकाळपासून हेच तर बघायचं होतं. लीव्यू एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच बोट उचलून आमची इमारत दाखवली.

"याच्या मागे?"

"याच्या मागे."

"मी इथे उभा होतो तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली.

आमच्या इमारतीला मधोमध एक कमान आहे, गाडी जाईल एवढी. तिथे कचऱ्याचे डबे, सायकली, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. रोज मी इथे मुद्दाम गप्प होते, कारण कमानीतून बाहेर पडलं की समोर एकदम चर्च येतं आणि त्या वेळी कुणी बोललेलं मला खपत नाही.

आणि मग ते आलं. मी हजारदा बघितलंय, पण त्या दिवशी मीही आ वासला. चारी बाजूंनी दहा मजले, बाल्कन्यांत वाळत टाकलेल्या चादरी, टीव्हीच्या डिश, आणि त्यांच्या तळाशी ते एवढंसं जुनं चर्च, विटांच्या पट्ट्यांचं, हातात धरून कुणी जपून खाली ठेवावं तसं. तीनशे वर्षांचं. घुमटावर ऊन होतं. सणाची प्रार्थना नुकतीच संपली होती, अंगणात लोक कागदी ताटल्यांत कोबीच्या पानात गुंडाळलेले सारमाले खात होते, धुपाचा आणि तळलेल्या कांद्याचा एकत्र वास. पोर्तुगीज मैत्रिणींनी एकमेकींचे हात धरले. योस्तनं वजन विचारलं नाही.

लीव्यू सरळ दाराशी गेला. दाराच्या दगडी पायरीला डावीकडे खळगा पडलाय, पिढ्यान् पिढ्या पाय पडून. त्यानं खळग्यात पाय ठेवला. मग वाकून हात ठेवला.

"इथे पडलो होतो मी," तो म्हणाला. त्यानं हनुवटी वर करून मला दाखवली. खाली जुना पांढरा वण होता. "याच पायरीवर. रक्त थांबेना. हीच पायरी आहे, दोम्निशोआरा. तीच आहे ही. ही इथे कशी आली?" आणि तो लहान मुलासारखा भिंतीवर तळहात दाबून बघू लागला, खरी आहे की नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते, रूळ, चौकट, यंत्रं, सगळं पाठ. पण हे केवढं अद्भुत आहे ते मला त्याच्या तळहाताकडे बघून कळलं.

मग त्याला अक्रोड दिसला. तिसऱ्या मजल्याच्या वर गेलेला, खाली फळांचा सडा.

"झाडपण हलवलं?"

"नाही. हा नंतर लावलाय."

"कुणी?"

"कुणीतरी," मी म्हटलं. मी मान वळवून मेणबत्तीच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत तांती नव्हती. पाद्र्याची बायको बसली होती.

"तांती कुठे आहे?" मी धावत जाऊन विचारलं.

"मागे स्वयंपाकात असेल. सण आहे ना. तुला सारमाले हवेत का?"

मी मागे निघणार तेवढ्यात लीव्यू शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं तीन मेणबत्त्या घेतल्या, पातळ, मधाच्या रंगाच्या. पेट्यांपाशी गेला. एक आईची, एक बापाची. दोन्ही पेटवून मृतांच्या वाळूत नीट रोवल्या, ओठ हलवले. तिसरी पेटवली आणि तसाच थांबला.

मला कळलं तो का थांबलाय. कुठे लावायची ते त्याला माहीत नव्हतं. दोन पेट्यांमधे हातभर अंतर. मेण वितळून त्याच्या बोटांवर ओघळत होतं, तरी तो हलेना. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणू? थांबा, कदाचित? त्यानं खांदे पाडले आणि हात मृतांच्या वाळूकडे नेला.

"अहो, टोपीवाले! अहो!"

पारवे उडाले. स्वयंपाकघराच्या दारातून तांती येत होती, हातात पळी, स्वयंपाकाचं फडकं कमरेला खोचलेलं. तिनं त्याचा चेहरा बघितलाच नव्हता. तिचं लक्ष फक्त पेटीवर.

"वाचता येतं का? मृत लिहिलंय तिथे! कुणासाठी लावताय?"

तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "बहिणीसाठी."

"आमची भाषा येते म्हणजे! मग तर दुप्पट लाज वाटायला हवी. कधी गेली बहीण?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? गेली की नाही?"

"तेच माहीत नाही."

"देवा रे!" तांतीनं पळी आभाळाकडे केली. "मेलीय की नाही ते माहीत नाही, आणि हा तिला खुशाल पुरून मोकळा होतोय! काढा हात तिथून. ज्याचं कळलेलं नाही तो जिवंत, समजलं? मला तीन तीन पाद्र्यांनी सांगितलं, बाई, आता ती मेणबत्ती पलीकडे लाव, इतकी वर्षं झाली. मी म्हटलं, प्रेत दाखवा, मग लावते. माझाही एक आहे तसा, त्याची मी रोज..."

ती थांबली. कारण तो वळला होता आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होता. अक्रोडाची हिरवी सालं सोलून तिची बोटं काळी झाली होती. ते डाग आठवडाभर जात नाहीत.

"वेता," तो म्हणाला.

तिनं पळी खाली ठेवली, म्हणजे ठेवायला गेली आणि ती पडली. पुढे येऊन तिनं त्या काळ्या बोटांनी त्याची हनुवटी धरली, खसकन वर केली आणि खाली बघितलं, रडक्या पोराची जखम बघावी तसं. वण बघितला. मग हात उगारला. मला वाटलं आता मारते. तो हात तसाच त्याच्या गालावर टेकला आणि तिथेच राहिला.

"चर्च रुळांवरून आलं," ती म्हणाली, आवाज चिरकला होता, पण भांडणाचाच होता. "भिंतींसकट आलं, घंटेसकट आलं. आणि तुला दोन पायांनी एक इमारत ओलांडून येता आलं नाही?"

"मला वाटलं पाडलं."

"मला कुणी पाडलं असतं?"

"मी आलो होतो, वेता. ठरल्या दिवशी. पलीकडे रस्त्यात उभा होतो."

"रस्त्यात कशाला उभा होतास, गाढवा? रस्त्यात भेटायचं ठरलं होतं का? चर्चपाशी ठरलं होतं. मी चर्चपाशीच आहे. हे निघालं त्या दिवशी मी भिंतीला हात लावून बरोबर चालत आले. शिपाई ओरडत होता, बाई, बाजूला व्हा, पडेल अंगावर. मी म्हटलं पडू दे. हे हरवलं तर तो मला शोधणार कुठे? एक एक बोट सरकायचं ते. मी हात काढला नाही. मग इथेच मेणबत्त्या विकायला बसले, म्हणजे सणाच्या दिवशी चुकलास तरी बाकीच्या दिवशी सापडेन. झाडसुद्धा लावलं तुझ्यासाठी, खुणेला!" आणि मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? रोज इतकी माणसं घेऊन येतेस. कुठकुठची माणसं आणतेस. याला आणायला एवढी वर्षं लावलीस?"

मी रडत होते, लपवलंही नाही. योस्त भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होता. त्याच्या बायकोनं मला हळूच विचारलं की काय म्हणतायत ती दोघं. मी नुसतं आमच्या इमारतीकडे बोट दाखवलं, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. त्या वर्षी आमच्या घराच्या एका बाजूला हा होता आणि दुसऱ्या बाजूला ती. मधे माझी आई सूप ढवळत होती.

लीव्यूच्या हातात अजून ती तिसरी मेणबत्ती होती, अर्धी वितळलेली. वेतानं ती काढून घेतली आणि जिवंतांच्या पेटीत, कोपऱ्यात, आपल्या सकाळच्या मेणबत्तीशेजारी रोवली. सकाळची अगदी बुडाशी आली होती, ज्योत वाळूला टेकत होती. ती त्याच्या नावाची होती हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि मग भाबडेपणानं विचारलं, "आता ही विझवायची का? मी आलो ना."

"हात तर लावून बघ," वेता म्हणाली. "ती जिवंत माणसाची असते. आलास म्हणून काय मेलास? जळू दे."